सात नंबरचा डाग

"पूस आधी ते," लेक आरशात बघत म्हणाली.

मावशीचा हात हवेतच थांबला. हातात ओला स्पंज, स्पंजावर सहा नंबर. समोरच्या खुर्चीत बसलेली तिची पोटची पोर, आणि पोरीच्या डाव्या गालावर तिच्या मूळ रंगापेक्षा एक घर उजळ असा बोटभर पट्टा.

"अगं बाई, चुकून झालं."

"चुकून नाही झालं, आई. सवयीनं झालं."

एकतीस वर्षं मावशी स्टुडिओच्या रंगपटात नटनट्यांचे चेहरे रंगवत उभी होती. तिला खरं नाव होतं, पण ते फक्त हजेरीच्या वहीला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांची ती मावशी. तिच्या पेटीत नऊ गोल डब्या होत्या. एक नंबर दुधासारखा, नऊ नंबर भिजल्या मातीसारखा. समोर बसलेल्या माणसाचा जो नंबर असेल त्याहून एक नंबर उजळ लावायचा, ही तिथली रीत. ती कुणी लिहून दिली नव्हती आणि कुणी तोंडानं सांगितलीही नव्हती. दिवे चेहरा खातात, एवढंच कारण दिलं जाई. सहाची डबी वर्षातून चारदा संपायची. सातची संपता संपायची नाही, आणि आठ-नऊ उघडाव्यात तर आत खडखडीत वाळून भेगा पडलेल्या. मावशी स्वतः आठ नंबर होती.

तिनं गाल पुसला. सातची डबी काढली. तीही कडेनं वाळली होती, म्हणून दोन थेंब तेल घालून बोटानं मळली. लेक टक लावून तिच्या हाताकडे बघत राहिली, दुकानदार वजनात मारतोय का हे बघावं तशी.

तिला तसं बघायचा हक्क होता. लेक नऊ वर्षांची असताना मावशी रोज सकाळी शाळेला जाताना तिचं तोंड पुसून द्यायची, आणि त्या पुसण्यातच हळूच काहीतरी लावायची. मावशीचा हात इतका हलका की स्टुडिओत लोक म्हणायचे, मावशीनं चढवलेला नंबर आरशालाही कळत नाही, फोटोतच कळतो. लेकीलाही तो फोटोतच कळला. वर्गाचा फोटो घरी आला, त्यात तिसऱ्या रांगेत एक मुलगी उभी होती. तोंड एकीचं, हातपाय दुसरीचे. वर्गातल्या मुलींनी विचारलं होतं, "तोंड कुणाचं गं आणलंस?" लेकीनं घरी येऊन फोटो टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाली, "तू काय लावतेस मला?"

"मी कुठं काय लावते? त्या फोटोवाल्यानंच काहीतरी केलं असेल," मावशी म्हणाली होती.

धडधडीत खोटं. लेकीला ते तेव्हाच कळलं होतं. तिनं भांडण केलं नाही, रडली नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून स्वतःचं तोंड स्वतः धुवायला लागली. त्याला आता सतरा वर्षं झाली होती. मायलेकी एका घरात राहत होत्या, एका ताटलीतली बिस्किटं खात होत्या, एकमेकींची दुखणी काढत होत्या. पण या सतरा वर्षांत आईचा हात लेकीच्या गालाला लागला नव्हता. आज लागला, तो असा.

लेक औषधांच्या दुकानात काउंटरवर कामाला होती. सिनेमाची दिग्दर्शिका तिथं डोकेदुखीची गोळी घ्यायला आली आणि गोळी घेऊन जायचं सोडून अर्धा तास तिचं बोलणं ऐकत उभी राहिली. एका म्हाताऱ्याला लेक दटावत होती, "आजोबा, जेवणाआधी म्हणजे जेवणाआधी. जेवताना नाही, जेवून नाही." दिग्दर्शिकेला तिच्या सिनेमातली थोरली बहीण सापडली.

सिनेमा पोशाखी होता, सहकुटुंब बघायचा. जुन्या काळातलं एक उमराव घराणं, आईवेगळी सात भावंडं, आणि त्यांतली बाकी सहांना धाकात ठेवून घर सांभाळणारी थोरली बहीण. सातही भावंडं सात रंगांची, सात बांध्यांची. एकाच घरात ती अशी कशी, याला कारण द्यायचं नाही, असं दिग्दर्शिकेनं पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. "घर म्हणजे घर. पोरं थिएटरात बसतील, तेव्हा प्रत्येकाला त्या घरात आपल्यासारखं कुणीतरी दिसलं पाहिजे." कपडेपट सांभाळणारा, टाचणी या टोपणनावाचा माणूस मागच्या रांगेतून पुटपुटला होता, "बापानं मेहनत बरीच घेतलेली दिसते." सगळे हसले होते. दिग्दर्शिकाही हसली होती. तेव्हा सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं.

दिग्दर्शिका मावशीला म्हणाली, "मावशी, कुणाचाही रंग बदलायचा नाही. ज्याचा जो नंबर, तोच."

मावशी "बरं" म्हणाली. आणि पहिल्याच सकाळी सहाच्या डबीवर हात गेला, तो असा.

"पुन्हा नाही होणार," मावशी म्हणाली.

"झालं तर मी उठून जाईन, आई. सिनेमा सोडून. खरंच सांगते."

ती खरंच सांगत होती. त्या दिवसापासून मावशीनं सहाची डबी पेटीतून काढून एप्रनच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. हाताचा भरवसा नव्हता.

पहिले दोन आठवडे कसे गेले ते कळलंच नाही. लेक काम असं करायची की दिवे लावणारी माणसंही शिडीवर बसून ऐकायची. टाचणीची मात्र रोजची तक्रार. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय असल्यानं त्याला टाचणी म्हणत, आणि बोलायचाही तसंच.

"मावशी, तुमचा रंग माझ्या गळपट्ट्या खातो. ही बघा."

थोरल्या बहिणीच्या पोशाखाला हनुवटीपर्यंत येणारी, खळ केलेली पांढरी झालरीची गळपट्टी होती. संध्याकाळपर्यंत तिच्या आतल्या कडेवर मानेचा रंग उतरायचा. टाचणीनं दहा गळपट्ट्या शिवल्या होत्या; रोज एक धुवायची, दुसरी लावायची.

"मग मान नको रंगवू का? तोंड एकीचं, मान दुसरीची?" मावशी बोलून गेली आणि स्वतःच गप्प झाली.

तिसऱ्या आठवड्यात हळूसाहेब आले. निर्मात्यांचा माणूस. ते इतकं हळू बोलायचे की समोरच्याला वाकावं लागायचं, आणि वाकलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. त्यांनी मावशीला आपल्या खोलीत बोलावलं, स्वतः उठून दार लावलं.

"मुलगी छान काम करते हो तुमची."

"दिग्दर्शिका बाईंची मेहनत आहे."

"प्रश्न कामाचा नाहीच. प्रश्न दिसण्याचा आहे. म्हणजे, ती दिसतच नाही ना. मेणबत्त्यांचे सीन, मागे काळं लाकूड. परवा बघत होतो, तर नुसती गळपट्टीच जिन्यावरून उतरतेय असं वाटलं." ते हसले. त्यांचं हसणंही हळूच होतं.

एकतीस वर्षांत या खोलीत तिनं आवाज चढवला नव्हता. "मग दिवा वाढवा की," ती म्हणाली.

"दिवा सगळ्यांवरच वाढतो, मावशी." त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला. "आम्ही थोडं चार कुटुंबांना दाखवून बघितलं. लोकांना ती जवळची वाटत नाही. थोरली बहीण जवळची वाटायला हवी. तुम्ही काय ते समजून घ्या. एक नंबर. तुमच्या हाताचं तर नाव आहे, आरशालाही कळत नाही म्हणे. मग तिला सांगायचं कारणच काय?"

"आणि बाई? त्यांनी तर सांगितलंय..."

"बाईंचं मी बघतो."

"नाही केलं तर?"

हळूसाहेबांनी तो कागद उचलून फायलीत ठेवला. "तर काय? काही नाही. सात भावंडं आहेत. गोष्ट कुणाभोवतीही फिरू शकते."

मावशी त्या दिवशी घरी लेकीशी काही बोलली नाही. सांगावं असं दहादा मनात आलं. सांगितलं तर लेक उठून जाईल, आणि मग काउंटरवर उभी राहून जन्मभर म्हाताऱ्यांना जेवणाआधी म्हणजे जेवणाआधी सांगत बसेल. नाही सांगितलं तर निदान हे काम तरी पुरं होईल. मावशीनं मनाशी असा हिशेब मांडला. त्या हिशेबात लेकीला विचारणं कुठंच नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक खुर्चीत बसली आणि तिनं डोळे मिटले. पहिल्या दिवसापासून ती आईच्या हातावर नजर ठेवून बसायची. हळूहळू ती नजर सैल झाली होती, आणि आज तिनं चक्क डोळे मिटले होते. मावशीनं एप्रनच्या खिशात हात घातला. सहाची डबी बोटांना लागली. झाकण खिशातच अर्धं फिरलं. कुणाला कळणार होतं? आरशाला नाही, लेकीला नाही. लेक पडद्यावर राहील, मोठी होईल. मिटलेल्या पापण्या जराशा हलत होत्या. लहानपणी तोंड पुसताना हलायच्या तशाच.

मावशीनं झाकण घट्ट लावलं. सातच्या डबीत दोन थेंब तेल घातलं आणि मळायला लागली.

"आज वेळ का लागतोय गं?" लेकीनं डोळे न उघडता विचारलं.

"वाळलीय डबी. दुसरं काय."

त्यानंतर रोज सात नंबर. कपाळाला, गालांना, कानांच्या पाळ्यांना, मानेला. रोज मावशी वाट बघायची की आता बोलावणं येईल, आता लेकीचा एखादा सीन दुसऱ्या बहिणीला जाईल. तसं काहीच झालं नाही. आठवड्यानं हळूसाहेब स्वतःच रंगपटाच्या दारात आले, डब्यांवरून नजर फिरवली, आणि म्हणाले, "राहू द्या, मावशी. तुम्ही काहीच करू नका आता. आम्ही बघतो."

मावशीला वाटलं, सुटले. तिनं त्यांना चहा विचारला.

पण त्यानंतर छोट्या छोट्या गोष्टी व्हायला लागल्या. आदल्या दिवशीचं चित्रण सगळ्यांना बसून बघायची रीत होती. ती बंद झाली. त्या खोलीच्या दाराला कुलूप दिसू लागलं. पोस्टरचे फोटो काढले, तेव्हा रंगपटाला बोलावणंच आलं नाही. असं एकतीस वर्षांत कधी झालं नव्हतं. "नंतर करून घेऊ," असं सांगितलं गेलं. चेहरा नंतर कसा करून घेणार, हे मावशीला कळेना. दिग्दर्शिका पूर्वी येता-जाता मावशीच्या पाठीवर थाप मारायची. आता ती समोरून आली की हातातल्या कागदांत बघायची. एकदा ती रंगपटात आली, लेकीच्या खुर्चीमागे उभी राहिली, आरशात त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "मावशी, किती सुंदर..." म्हणाली आणि वाक्य अर्धवट टाकून निघून गेली. लेक खूश झाली. मावशीला मात्र ते बोलणं खटकलं. माणूस असं बोलतो ते निरोप द्यायला आल्यावर.

शेवटच्या दिवशी टाचणीनं तिच्या हातात शेवटची गळपट्टी कोंबली. "नऊ मी धुतल्या. ही दहावी तुम्ही धुवून आणा, मावशी. तुमच्या रंगाची आठवण." मावशी हसली. घरी येऊन तिनं ती पेटीच्या तळाशी टाकली आणि विसरून गेली.

रविवारी सकाळी सगळ्यांना घरच्या मंडळींसह सिनेमा बघायला बोलावलं. थिएटरच्या दारातच पोस्टर होतं. वर ठळक अक्षरांत, 'हे घर सगळ्यांचं.' पोस्टरवर सगळ्या रंगांची माणसं होती, फक्त ते सगळे रंग एकाच रंगाच्या आसपासचे होते. गर्दीत कुणाला थांबून बघायला वेळ नव्हता. मावशीनं बघितलं. तिनं लेकीचा दंड धरून तिला भरभर आत नेलं.

"अगं, बघू तर दे!"

"आत पडद्यावर बघच की."

हळूसाहेबांनी दोन शब्द सांगितले. आज या सभागृहातलं प्रत्येक मूल पडद्यावर स्वतःला बघणार आहे, असं म्हणाले. माईक होता, तरी लोकांना पुढं वाकावं लागलं. टाळ्या झाल्या. अंधार झाला.

जिन्यावरून थोरली बहीण उतरली. गळपट्टी तीच, चाल तीच, आवाज तोच. चेहरा मात्र कुणा परक्या बाईचा होता. सहा नव्हे, पाच नव्हे, चारच्या जवळचा, साय धरल्यासारखा. मेणबत्ती गालाजवळ आली तेव्हा तर नुसता चकाकला. मावशीनं एकतीस वर्षांत इतका सफाईदार हात बघितला नव्हता. कुठं जोड नाही, कुठं कड नाही. पुढच्या रांगेतली एक लहान मुलगी आईला म्हणाली, "किती छान आहे ना ती!"

शेजारी लेक हलली नाही. पहिला सीन संपला, दुसरा संपला. तिसऱ्यात थोरली बहीण धाकट्याला म्हणते, "या घरात कुणी आपला चेहरा लपवायचा नाही," तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेक उठली.

मावशी तिच्या मागे बाहेर धावली. बाहेर ऊन होतं. लेक पोस्टरसमोर उभी होती.

"केलंस ना शेवटी?"

"मी नाही गं. देवाशप्पथ मी नाही."

"रोज डोळे मिटून बसत होते मी तुझ्यापुढं."

"सात नंबर होता. रोज सातच लावला. हे त्या लोकांनी केलंय, मागनं, मशिनीवर..."

"फोटोवाल्यानं केलं असेल," लेक म्हणाली.

आवाज अजिबात चढला नव्हता. नऊ वर्षांच्या पोरीनं न केलेलं भांडण सतरा वर्षं जपून ठेवून तिनं आज आईच्या हातात दिलं, आणि ती चालू लागली. मावशी पोस्टरपाशी उभी राहिली. आयुष्यात एकदाच ती खरं बोलली होती आणि त्यासाठी वापरलेले शब्द आधीच खोट्यात खर्च झालेले होते.

घरी आली तेव्हा मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. लेक तोंड धूत होती. तोंडाला काहीही लावलेलं नव्हतं, तरी साबण लावून, घासून घासून धूत होती. मावशी दारात उभी राहिली. मग तिला पेटी आठवली.

डब्या बाहेर काढल्या, ब्रश काढले. तळाशी गळपट्टी चुरगळून पडली होती. मावशीनं ती झटकली. आतल्या कडेवर तळहाताएवढा तपकिरी डाग होता.

तिनं काही न बोलता ती लेकीपुढं धरली.

लेकीनं तोंड पुसलं. आधी तिला कळलं नाही. मग तिनं गळपट्टी हातात घेतली, खिडकीपाशी गेली, आणि डाग स्वतःच्या मनगटावर ठेवला. डाग आणि मनगट यांत काही फरक दिसत नव्हता.

"सात," मावशी म्हणाली.

"हं."

"शेवटच्या दिवसाची आहे. धुवायची राहिली."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती रडेल, गळ्यात पडेल, असं मावशीला वाटलं. आत कुठंतरी तिला मोकळं वाटायलाही लागलं. पण लेक खिडकीपाशीच उभी राहिली.

"तुला माहीत होतं ते असं करणार म्हणून?"

मावशी बाहेर काढलेले ब्रश गोळा करायला लागली.

"आई, तुला कुणी काही सांगितलं होतं का?"

"हळूसाहेब म्हणाले होते... एक नंबर चढवा म्हणून. मी नाही चढवला. मग म्हणाले, आम्ही बघतो."

"कधी?"

"तिसऱ्या आठवड्यात."

"म्हणजे अर्धा सिनेमा व्हायचा होता." लेक हळू बोलत होती, एकेक शब्द स्वतःलाच समजावून दिल्यासारखा. "तेव्हा मला सांगितलं असतंस तर मी उठले असते. तिथं माझा चेहरा त्यांच्याकडं ठेवून आले नसते. मला का नाही सांगितलंस?"

तुझ्या भल्यासाठी, असं मावशीच्या ओठावर आलं होतं. शाळेच्या वेळीही ते भल्यासाठीच होतं. तिनं ते गिळलं.

खालच्या रस्त्यावरून सिनेमाची जाहिरात करणारी गाडी गेली. लाऊडस्पीकरवर लेकीचाच आवाज होता, चेहरा न लपवण्याबद्दलचं ते वाक्य. गाडी कोपऱ्यावर वळली, तरी थोडा वेळ ऐकू येत राहिलं.

मावशी खाली बसून डब्या पेटीत भरायला लागली. एक, दोन, तीन. सहाची डबी हातात आली तशी ती थांबली. खिशात ठेवावी की पेटीत, हे तिला ठरवता येईना. घाम आला होता, पदरानं तोंड पुसलं. गळपट्टी घ्यायला म्हणून तिनं हात पुढं केला. "दे. भिजत टाकते. टाचणीला परत द्यायचीय."

लेकीनं दिली नाही. डाग वर येईल अशी घडी घातली, आणि स्वतःच्या कपाटात, सतरा वर्षांपूर्वीच्या त्या वर्गाच्या फोटोवर ठेवली.

"ही धुवायची नाही," ती म्हणाली.